एकशे अठरा रुपये, नऊ वेळा

गुरुवार, २२ ऑगस्ट २०२४. सकाळचे पावणेदहा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बँकेचं शटर अजून अर्धंच वर गेलं आहे आणि पायऱ्यांपासून शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत बायका उभ्या आहेत. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्ड, त्याच्या झेरॉक्स आणि पासबुक. सोमवारी नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला होता, त्या उत्सवाच्या पताका अजून तारांना लटकल्या आहेत. मागच्या गल्लीत यंत्रमाग सुरू झालेत. त्या खडखडाटात बायका मोठ्यानं बोलतायत, निम्म्या तेलुगूत, निम्म्या मराठीत.

"तुझे आले का गं?"

"आले की. पण पुरे नाही आले."

हे दुसरं वाक्य अर्ध्या तासात मी पाच जणींच्या तोंडून ऐकते.

माझ्याबरोबर अक्का आहेत. वय अठ्ठावन्न. त्यांची धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मी त्यांची 'बाई'. लग्न होऊन आल्यापासून त्या बिड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली तेंदूची पानं. बोटांच्या टोकांना तंबाखूचा पिवळेपणा कायमचा बसलाय आणि अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजल्यात की आधारच्या मशीनवर तो तीन-तीनदा दाबावा लागतो. आज बिड्या द्यायला त्या कारखान्यात गेलेल्या नाहीत. म्हणजे आजचा रोज बुडाला.

राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून तीन हजार रुपये राखीच्या आधी बायकांच्या खात्यावर पडले. अक्कांच्या नेहमीच्या खात्यावर काहीच आलं नाही. अंगणवाडीच्या ताईंनी मोबाइलवर बघून सांगितलं की तुमचं आधार या जुन्या बँकेला जोडलेलं आहे, पैसे तिकडे गेलेत. नोटाबंदीच्या हिवाळ्यात, डिसेंबर २०१६ मध्ये, कारखान्यानं मजुरी बँकेत भरायची म्हणून सगळ्या बायकांची खाती याच बँकेत काढली होती. पुढे कारखान्यानं बँक बदलली. फेब्रुवारी २०२० मध्ये अक्कांनी इथून शेवटचे पैसे काढले, ४१२ रुपये मागे राहिले, आणि मग करोना आला. खातं तसंच पडून राहिलं. ते बंद करायला हवं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही सुचलं नसतं.

शटर पूर्ण वर जातं. शिपाई हात आडवा धरून दहा-दहा बायका आत सोडतो.

पासबुक छापायचं मशीन दाराशीच आहे. अक्कांच्या पासबुकावर पट्ट्यापट्ट्यांचं स्टिकर नाही, त्यामुळे मशीन ते बाहेर टाकतं. पुन्हा घातलं, पुन्हा बाहेर. मग खिडकी क्रमांक दोन. तिथली मुलगी पासबुक हातात घेते, पानं उलटते, प्रिंटरला लावते. प्रिंटर सुरू होतो आणि थांबत नाही. अक्का माझ्याकडे बघतात. पैसे आले की एक ओळ छापतात, एवढं त्यांना माहीत आहे. इथे पान भरत चाललंय.

पासबुक हातात येतं. जुन्या चार वर्षांच्या नोंदी एकत्र करून वर एकच ओळ: शिल्लक ४.९० रुपये. त्याखाली १६ ऑगस्टची जमा, ३,००० रुपये. आणि तिच्याखाली, त्याच तारखेला, नावे बाजूला एकाखाली एक: ११८.००, ११८.००, ११८.००. मी बोट ठेवून मोजते. ११८ सहा वेळा. १७७ दोन वेळा. १७.७० सहा वेळा. एक जमा, चौदा नावे. शेवटी शिल्लक १,८३६.७०.

"किती गेले, बाई?"

"अकराशे अडुसष्ट रुपये वीस पैसे."

अक्का काही बोलत नाहीत. पासबुक मिटतात, पुन्हा उघडतात, त्या ओळींवरून बोट फिरवतात. त्यांना आकडे वाचता येतात. रोज हजाराच्या हिशेबानं बिड्या मोजणाऱ्या बाईला आकडे कुणी शिकवायला नकोत.

मी त्यांना एकेक ओळ सांगते. एकशे अठरा म्हणजे शंभर रुपये दंड, खात्यात ठरलेली किमान रक्कम नव्हती म्हणून, दर तीन महिन्यांनी एकदा. वरचे अठरा रुपये जीएसटी. पैसे नाहीत म्हणून दंड, आणि त्या दंडावर सरकारचा अठरा टक्के कर. एकशे सत्याहत्तर म्हणजे एटीएम कार्डाची वर्षाची फी. सतरा रुपये सत्तर पैसे म्हणजे मोबाइलवर मेसेज पाठवल्याचे, तिमाहीचे.

"मेसेज? मला कुठं येतात मेसेज?"

खात्याला जोडलेला नंबर थोरल्या मुलाचा जुना नंबर आहे. तो भिवंडीला गेला तेव्हा ते सिम त्यानं टाकून दिलं. मी माझ्या फोनवरून तो नंबर लावते. कुणी तरी पुरुष उचलतो, हिंदीत 'कौन' म्हणतो. बँकेचे मेसेज येतात का, म्हणून विचारलं तर म्हणतो, येतात, पण खातं माझं नाही, मी ते पुसून टाकतो. अक्कांच्या दंडाचे मेसेज एका अनोळखी माणसाला जातायत आणि ते पोचवण्याचे पैसे अक्का देतायत.

रांगेतल्या बायका आता आमच्याभोवती गोळा होतात. एकीच्या पासबुकात २,४१० उरलेत. दुसरीचं खातं लेकीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं, त्यातूनही कापलेत. एक तरुण मुलगी, कडेवर मूल, तावातावानं म्हणते, "सरकारनं सांगितलंय ना कापायचे नाहीत म्हणून!" बरोबर आहे तिचं. या योजनेचे पैसे बँकांनी कापून घेऊ नयेत, असं महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितल्याची बातमी पेपरात आली आहे. पण बातमी आली तोवर बँकेच्या संगणकानं आपलं काम उरकलेलं होतं. खातं रिकामं असतं तेव्हा दंड नुसता नोंदून ठेवला जातो आणि पहिला पैसा पडला की एकदम वसूल होतो. त्यामुळे राखीच्या आठवड्यात हे असं गल्लोगल्ली घडलं.

"चला, साहेबांकडे जाऊ," मी म्हणते.

अक्का जागच्या हलत नाहीत. "जाऊ द्या बाई. अठराशे हायेत, ते काढू. उगं साहेबांशी वाद कशाला? उद्या हेबी बंद करतील."

माझ्या पिशवीत एक फाइल आहे. माझा भाऊ बँकेतून निवृत्त झालाय. सोमवारी राखीला आला तेव्हा मी त्याला या बायकांचं सांगितलं, आणि जेवण झाल्यावर त्यानं रिझर्व्ह बँकेची दोन परिपत्रकं छापून माझ्या हातात दिली. लाल पेनानं खुणाही केल्या. मी अक्कांना फाइल दाखवते. म्हणते, वाद घालायचा नाही, कागद दाखवायचा. त्या पदर खोचतात आणि माझ्या मागून येतात.

काचेच्या खोलीतला अधिकारी पंचविशी-सव्विशीचा. चार महिन्यांपूर्वी तेलंगणातून इथे आलाय, मराठी कळतं पण बोलता येत नाही. हिंदीत मला सांगतो की खात्यात किमान रक्कम नव्हती, नियमाप्रमाणे चार्ज लागलाय. सांगताना अक्कांकडे बघत नाही. अक्का बाजूला उभ्या आहेत, खुर्ची असूनही. मग त्या मला काही तरी तेलुगूत बोलून जातात, सवयीनं. तो मान वर करतो.

"अम्मा, कूर्चोंडी," तो म्हणतो. बसा.

पुढची दहा मिनिटं ते दोघं तेलुगूत बोलतात आणि मला त्यातलं तुकड्यातुकड्यांनी कळतं. अक्का आपल्या आज्याचं गाव सांगतात, तो ते ओळखतो. अक्का पासबुक त्याच्यापुढे ठेवतात आणि तीन बोटं दाखवतात. नंतर त्यांनीच मला अर्थ सांगितला: हे तीन दिवसांच्या बिड्यांहून जास्त गेले, असं त्या म्हणत होत्या.

आता मी फाइल उघडते. पहिला कागद १ जानेवारी २०२४ चा, १ एप्रिलपासून लागू झालेला. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदारानं व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय धरायचं आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड लावायचा नाही. खातं पुन्हा चालू करायलाही पैसे घ्यायचे नाहीत. निष्क्रिय खात्यावर दंड नाही, ही गोष्ट रिझर्व्ह बँकेनं मे २०१४ मध्येच सांगितलेली आहे. अक्कांचा शेवटचा व्यवहार फेब्रुवारी २०२०. म्हणजे फेब्रुवारी २०२२ नंतरचा एकही दंड बसत नाही.

तो स्क्रीनकडे बघतो. "लेकिन अकाउंट ऑपरेटिव्ह है, मॅडम. एंट्रीज हैं. ये देखिए, दो हजार बाईस में, तेईस में."

मी स्क्रीनवर वाकते. नोंदी आहेत खऱ्या. पण त्या सगळ्या बँकेच्याच: दंड, मेसेजचे पैसे, व्याजाचे काही रुपये. बँकेनं घेतलेल्या दंडाच्या नोंदीमुळे खातं जिवंत दिसतंय, आणि ते जिवंत दिसतं म्हणून पुढचा दंड लागतोय. मी त्याच परिपत्रकातला दुसऱ्या लाल खुणेचा मजकूर दाखवते. बँकेनं स्वतः टाकलेली फी, दंड, व्याज यांच्या नोंदी खातेदाराचा व्यवहार म्हणून धरायच्या नाहीत, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.

तो ते दोनदा वाचतो. मग दुसरा कागद मागतो. तो २० नोव्हेंबर २०१४ चा. दंड लावण्याआधी खातेदाराला कळवायचं आणि रक्कम भरायला एक महिना द्यायचा. तुटीच्या प्रमाणातच दंड घ्यायचा. आणि नुसत्या या दंडापायी खातं उणे होऊ द्यायचं नाही. उणे होऊ दिलेलं नाही, हे त्याचं म्हणणं कागदावर खरं आहे. पण थकलेला दंड मागे साठवून ठेवायचा आणि सरकारनं दिलेल्या पहिल्या पैशातून ओढून घ्यायचा, यात त्या नियमामागचा हेतू कुठे उरला? मी हे त्याला मराठीतच विचारते. त्याला कळतं. उत्तर तो देत नाही.

"मॅडम, सिस्टिम ने लिया है. किसी ने मॅन्युअली नहीं काटा."

"मग परतही सिस्टिमच देईल का?"

नाही. परत द्यायचे तर लेखी अर्ज हवा, त्यावर त्याची शिफारस, शाखा व्यवस्थापकांची सही, मग विभागीय कार्यालयाची मंजुरी. आणि आधी पूर्ण हिशेब हवा, म्हणजे २०२० पासूनचं स्टेटमेंट. पासबुकात तर जुनं सगळं एका ओळीत गेलंय.

"स्टेटमेंट काढून द्या मग."

तो जरा थांबतो. सांगताना त्याचाच आवाज खाली येतो. जुन्या स्टेटमेंटला चार्ज आहे. शंभर रुपये अधिक जीएसटी.

एकशे अठरा. तोच आकडा. घेतलेल्या पैशांचा हिशेब बघायचे पैसे. मला राग येतो आणि मी तो लपवत नाही. पण स्टेटमेंटवाचून अर्ज पुढे जाणार नाही. अक्काच मला म्हणतात, "घेऊ द्या बाई. कुठं गेले ते तरी दिसंल."

स्टेटमेंट येईपर्यंत आम्ही बाकावर बसतो. फाइलमध्ये भावानं एक कात्रणही ठेवलंय, ऑगस्ट २०२३ चं. तेव्हाचे अर्थराज्यमंत्री भागवत कराड, आपल्या संभाजीनगरचे, यांनी राज्यसभेत दिलेलं उत्तर. २०१८ पासून सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी किमान शिलकीच्या दंडापोटी २१,००० कोटींहून अधिक, जादा एटीएम व्यवहारांपोटी ८,००० कोटींहून अधिक आणि मेसेजपोटी ६,००० कोटींहून अधिक रुपये गोळा केले. हा आकडा मी आधीही वाचला होता. तेव्हा त्याचं नीट काही वाटलं नव्हतं. एवढे कोटी कसे होतात ते आज अक्कांच्या पासबुकात दिसलं. सतरा रुपये सत्तर पैसे, सतरा रुपये सत्तर पैसे, असे होतात.

स्टेटमेंट तीन पानांचं आहे. फेब्रुवारी २०२० ला शिल्लक ४१२. दोन वर्षं नुसतं व्याज, तेही मी बाजूला ठेवते, कारण ते काही रुपयांतच आहे आणि बँकेनं ते पुढे कार्डाच्या जुन्या फीपोटी वळतं करून घेतलंय. एप्रिल २०२२ पासून एक बदल: कारखान्याची मजुरी येत नाही म्हणून 'पगार खात्या'चं साधं बचत खातं झालं. कुणाला विचारून, ते स्टेटमेंटमध्ये नसतं. जून २०२२ पासून दंड सुरू. जून, सप्टेंबर, डिसेंबर, असे तीन दंड आणि तीन वेळा मेसेजचे पैसे जाऊन ४१२ चे ४.९० झाले. उरलेले सहा दंड पैसे नव्हते म्हणून लटकत राहिले, ते १६ ऑगस्टला घेतले. म्हणजे एकूण नऊ तिमाह्या.

बाकावरच पिशवी मांडीवर घेऊन मी बेरीज करते. दंडाचे १,०६२. कार्डाचे ३५४, आणि कार्डाची मुदत केव्हाच संपलेली. मेसेजचे १५९ रुपये ३० पैसे. सगळे मिळून १,५७५.३०.

सरकारच्या एका महिन्याच्या हप्त्याहून पंचाहत्तर रुपये तीस पैसे जास्त.

अर्ज मी लिहिते, मराठीत. अधिकारी म्हणतो, इंग्रजीत द्या, वर लवकर जाईल. मी म्हणते, खातेदाराला वाचता येईल अशाच भाषेत राहू द्या. अक्का अर्ज हळूहळू वाचतात, 'निष्क्रिय' शब्दावर थांबतात, अर्थ विचारतात, आणि खाली सही करतात. नंबर बदलण्याचा फॉर्म वेगळा भरतो. आता धाकट्या मुलीचा नंबर. अर्जाच्या झेरॉक्सवर मी पोच मागते. शिक्का, तारीख, सही. शिक्क्यासाठी वीस मिनिटं थांबावं लागतं, आम्ही थांबतो.

एक गोष्ट त्या दिवशी माझ्याकडून राहून जाते. हे खातं मूलभूत बचत खात्यात बदलून द्या, अशी एक ओळ अर्जात घालायला हवी होती. ती घातली नाही. त्याची किंमत पुढे अक्कांनीच दिली.

दोन वाजता त्या पंधराशे रुपये काढतात. नोटा मोजून पिशवीत, पिशवी कमरेला. खात्यात २१८.७० राहतात.

सप्टेंबरचं फारसं सांगण्यासारखं नाही. गौरी-गणपती येतात, जातात. मी दोनदा शाखेत जाते, एकदा अधिकारी रजेवर, एकदा 'विभागीय कार्यालयाकडे पाठवलंय'. अक्का रोज विचारतात असं नाही. मुलीकडून त्या निरोप धाडतात, बाईंनी उगाच त्रास करून घेऊ नये म्हणून. पितृपक्षात तिसरा हप्ता पडतो, पंधराशे. मुलीच्या मोबाइलवर सरकारचा मेसेज येतो. बँकेचा एकही येत नाही.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर. नवरात्राची दुसरी माळ. शाखेत गर्दी कमी आहे, व्यवस्थापकांच्या टेबलावर शेवंतीची फुलं वाटीत ठेवली आहेत. अधिकारी मला दारातच बघतो आणि हसतो. "हो गया, मॅडम. कल क्रेडिट हुआ."

अक्कांच्या पासबुकाला आता स्टिकर आहे. त्या स्वतः ते मशीनमध्ये घालतात. मशीन ओढून घेतं, खरखरतं, परत देतं. आणि खरंच, ३ ऑक्टोबर, जमा १,०६२.००. नऊ दंड, जीएसटीसकट. त्रेचाळिसाव्या दिवशी सगळे परत. अक्का ती ओळ माझ्यापुढे धरतात, मग अधिकाऱ्याकडे बघून दोन्ही हात जोडतात. मला ते बघवत नाही. त्यांचेच पैसे आहेत हे. पण तोही उभा राहून हात जोडतो, आणि त्याच्या हात जोडण्यात खोटेपणा नाही. ज्या कामाचे त्याला कुठे गुण मिळणार नाहीत ते त्यानं नेटानं केलं आहे, तीन वेळा वर फोन करून. हे लिहायलाच हवं.

मग मी वरच्या ओळी वाचते.

२२ ऑगस्ट, स्टेटमेंट, ११८.००. ते माहीत होतं. सप्टेंबरअखेरचा हप्ता, जमा १,५००. आणि त्याखाली १ ऑक्टोबर: नावे ११८.००. नावे १७.७०.

जुलै ते सप्टेंबर, दहावी तिमाही. नऊ दंड परत द्यायचं मंजूर होत होतं, त्याच आठवड्यात दहावा लागलाय. मेसेजचे पैसेही पुन्हा. नवा नंबर ऑगस्टपासून खात्याला आहे, त्यावर बँकेचा एक मेसेज आलेला नाही, दंडाची पूर्वसूचना तर नाहीच. सूचना नाही, महिन्याची मुदत नाही, दंड मात्र आहे. आणि मेसेजचे पैसे प्रत्यक्ष वापराप्रमाणेच घ्यावेत, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच सांगून ठेवलंय.

अधिकारी स्क्रीन उघडतो. बराच वेळ बघतो. तिमाही संपली की हे आपोआप होतं, तो म्हणतो. शाखेला थांबवता येत नाही. कार्डाची फी आणि मेसेजचे पैसे विभागीय कार्यालयानं नामंजूर केलेत, त्याचं कारण 'नियमानुसार' एवढंच आलंय. स्टेटमेंटची फीसुद्धा.

"मग हे परत कसे घ्यायचे?" अक्का विचारतात. या वेळी त्या मराठीत विचारतात, सरळ त्यालाच, आणि बसूनच.

"अम्मा, फिर से अप्लिकेशन."

मला वाटतं त्या म्हणतील, जाऊ द्या. एकशे पस्तीस रुपयांसाठी पुन्हा एक रोज कशाला बुडवायचा. पण त्या माझ्यासमोर हात पुढे करतात. "कागद द्या, बाई. या टायमाला मी लिवते. तुम्ही सांगा."

बाकावर बसून त्या लिहितात. अक्षर मोठं, गोल, ओळी वर चढत जाणाऱ्या. मी सांगते तेवढंच लिहीत नाहीत, मध्येच स्वतःचं घालतात: 'मला मेसेज आला नाही. ज्याला आला त्याने पुसला.' मी ते वाक्य तसंच राहू देते. कार्डाचे ३५४, मेसेजचे १५९.३०, स्टेटमेंटचे ११८, ऑक्टोबरचे १३५.७०. एकूण ७६७ रुपये. आणि शेवटी, या वेळी न विसरता: माझं खातं मूलभूत बचत खात्यात बदलून द्यावं. त्याला किमान शिलकीची अट नाही, कार्डाला वर्षाची फी नाही, महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढता येतात. असं खातं मागणाऱ्याला बँकेला ते द्यावंच लागतं. २०१२ पासून हा नियम आहे आणि या शाखेच्या भिंतीवर गृहकर्ज, सोनेतारण, क्रेडिट कार्ड, सगळ्यांची पोस्टरं आहेत, याचं नाही.

रांगेत उभी असलेली एक बाई अक्कांच्या खांद्यावरून वाकून वाचते. तिच्याही पासबुकात ११८ आहेत. "मला बी एक लिहून देता का?" ती मला विचारते. मी काही म्हणायच्या आत अक्का बाकावर सरकून तिला जागा करून देतात आणि पासबुक मागतात.

तुमच्या घरात, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईकडे, गावाकडच्या आईकडे असं एखादं जुनं पासबुक असेल तर ते या आठवड्यात छापून आणा आणि नावे बाजू वाचा. शेवटचा व्यवहार कधीचा ते बघा, त्याला दोन वर्षं मिळवा, आणि त्यानंतरचा प्रत्येक दंड लेखी परत मागा. तोंडी बोलणं मागे उरत नाही. झेरॉक्सवर पोचेचा शिक्का घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही, तक्रार लिहून रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या केंद्राला पोस्टानंही पाठवता येते, आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

अक्कांच्या दुसऱ्या अर्जावर ४ ऑक्टोबरचा शिक्का आहे. त्याचे तीस दिवस ३ नोव्हेंबरला भरतात. त्या दिवशी रविवार आहे आणि भाऊबीज. चंदीगडचा लिफाफा सोमवारी सकाळी टाकायचा, असं आमचं ठरलंय.